पाझी रंगाऱ्याची लाल फुली

पाझी रंगारी लोकांच्या भिंतींवर एकच वाक्य लिहून पोट भरायचा. वाक्य असं: ‘हे घर विकायचं नाही.’ खाली मालकाचं नाव आणि फोन नंबर. आमच्या दार-एस-सलाममध्ये ज्या घरातला बाप गेलाय आणि मागं भावंडं चार आहेत, त्या घरावर हे वाक्य असतंच. कारण एखादा भाऊ गुपचूप कागद करून मोकळा होतो आणि बाकीच्यांना कळतं ते थेट भिंत पाडायला माणसं आल्यावर. म्हणून भिंतीनंच सांगायचं, की घेणाऱ्या बाबा, फसू नकोस.

मी कलुंदे. मगोमेनी वस्तीत बी सिवातूच्या, म्हणजे सिवातूबाईंच्या, घराच्या ओट्यावर चहा, चपाती आणि नारळाच्या रसातला घेवडा विकते. पाझी त्याच घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा, एकतीस वर्षं. तो झरामो, इथल्या किनाऱ्याचा. मी न्यामवेझी, आतल्या मुलखातली. आमच्या दोन जमातींत जुनं चेष्टेचं नातं आहे. एकमेकांना काहीही बोलावं, मयताच्या घरीसुद्धा बोलावं, आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. त्यामुळे सकाळी पहिला चहा देताना मी त्याला म्हणायचे, “घे झरामो, नारळ डोक्यावर पडेपर्यंत झोपणारी तुमची जात, तू आज उठलास कसा?” तो म्हणायचा, “तुमचे आजे डोक्यावर ओझी वाहत समुद्रापर्यंत आले, ते आमच्या हातचं खायला. आणि आता मला तुझ्या हातचं खावं लागतंय.” असं रोज चालायचं.

मला चौकशीची खोड आहे, हे आधीच सांगून टाकते. ओट्यावर बसणाऱ्या बाईला दुसरा उद्योग काय? गिऱ्हाईक चपाती चावेपर्यंत त्याचं अर्धं आयुष्य माझ्या कानात येतं. पाझीचं मी असंच तुकड्या-तुकड्यानं गोळा केलं. तो किसारावेकडचा. लहानपणी किनाऱ्यावर जाऊन मासेमारीच्या होड्यांवर नावं रंगवायचा. मग शहरात आला आणि डालाडालाच्या, म्हणजे आमच्या खाजगी मिनीबसच्या, पाठीवर अक्षरं काढू लागला. त्या काळी बसवाल्याला आपल्या गाडीच्या पाठीवर काहीतरी ठसकेबाज लिहिलेलं हवंच असायचं, आणि पाझीच्या अक्षरांना वळण असं, की लोक गाडी गेल्यावरही बघत राहायचे. मग म्वेंडोकासी आली. मोठ्या रस्त्याच्या मधोमध स्वतःची वाट असलेल्या लांबलचक निळ्या बस. डालाडाला त्या रस्त्यावरून हटल्या आणि पाझीचं काम गेलं.

काही महिने त्यानं सरकारी रोजंदारी केली. रस्त्याच्या रुंदीत येणाऱ्या घरांवर लाल फुल्या मारायच्या. ज्या घरावर फुली, ते घर जाणार, आणि भरपाईचा पत्ता नाही. त्या दिवसांत त्याला कुणी चहा विचारत नसे. त्याची बायको म्वाम्विता तेव्हा नुकती वारली होती, मागच्या खोलीतच. बी सिवातूनं स्वतः तिला शेवटची आंघोळ घातली होती. त्या वर्षात पाझी जे गप्प झाला ते झालाच. चेष्टा तेवढी करायचा, पण स्वतःचं म्हणून काही सांगायचा नाही.

मग आमच्या गल्लीच्या तोंडाशीच या बसचं स्टेशन उभं राहिलं आणि दिवस पालटले. ज्या गल्लीत पावसात बुटं हातात घेऊन चालावं लागे, तिची किंमत मिनिटांत बोलली जाऊ लागली. हे घर स्टेशनपासून दोन मिनिटं, ते चार मिनिटं, पलीकडचं सात मिनिटं म्हणजे जवळजवळ जंगलातच. बदामाच्या झाडाखाली दलालांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. सहा खोल्यांची बैठी घरं पडून तिथं नऊ-नऊ मजले उठू लागले, खाली दुकानं आणि वर सदनिका. आणि प्रत्येक घरातल्या भावंडांना एकमेकांची भीती वाटू लागली. पाझीला उसंत मिळेना.

बी सिवातूचं घर स्टेशनपासून दीड मिनिटावर. मी स्वतः चालून बघितलंय, डोक्यावर घेवड्याचं पातेलं घेऊन. नवऱ्यानं बांधलेलं घर, मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मागं अंगण. बी ऐंशीच्या घरातली, तोंडात कायम विडा, आणि बोलणं चुन्याइतकं झोंबरं. चार मुलं. थोरला किब्वाना, कारियाकूच्या बाजारात त्याचं मोबाईलचं दुकान. मधले दोघं सरकारी नोकरीत. धाकटी तुनू लांब म्बागालाला एका खोलीत राहून तळलेले मासे विकायची. शुक्रवारच्या नमाजानंतर मुलं आईकडं पुलाव खायला जमत. पूर्वी कधीमधी येत. स्टेशन झाल्यावर तिघं दर शुक्रवारी येऊ लागले. तुनूला मात्र शुक्रवारी धंदा सोडता येत नसे.

एका शुक्रवारी पुलावाचं ताट अर्धं टाकून किब्वाना म्हणाला, “आई, बांधकाम कंपनीवाले शेजारची तीन घरं घेऊन बसलेत. आपलंच अडलंय. आपण ताणलं तर ते पलीकडच्या रांगेत जातील.”

“जाऊ देत की. पाय त्यांचे आहेत,” बी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाझीला ओट्यावर बोलावलं. मी चपात्या लाटत होते, पण कान तिकडंच.

“पाझी, सगळ्या गल्लीवर लिहिलंस. माझ्या भिंतीवर कधी लिहिणार? मोठ्या अक्षरात लिही. किब्वानाला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.”

पाझी खाली बघून म्हणाला, “नको बी.”

“म्हणजे?”

“मी नाही लिहिणार. या घरावर नको.”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. ज्या माणसाचं स्वतःचं अंथरूण या घरात आहे, तोच घर वाचवायचं वाक्य लिहायला नाही म्हणतो? बीनं विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. “कुणाचं खाल्लंस रे? अथुमानीचं?” अथुमानी म्हणजे झाडाखालच्या दलालांचा म्होरक्या. “पुढच्या शुक्रवारपर्यंत लिहून झालं पाहिजे,” बी म्हणाली, “नाहीतर मी दुसरा रंगारी बघेन. आणि मग दुसरा भाडेकरूही बघेन.”

मला काही चैन पडेना. रविवारी दुपारी मी त्याला गाठलंच. “झरामो, कुठंतरी पाणी मुरतंय. बोल, नाहीतर उद्यापासून चहात मीठ.”

तो उठला आणि म्हणाला, “चल, दाखवतो.” आम्ही गल्लीतून फिरलो. एका खड्ड्यापाशी थांबला, आत सळया उभ्या होत्या. “इथं मी लिहिलं होतं. आठ महिन्यांत विकलं.” पुढं पत्रे मारलेली जागा होती. “इथं लिहिलं. वर्ष पुरं झालं नाही.” मग पाच मजले झालेली अर्धवट इमारत. “इथं तर दोनदा लिहिलं. एकदा बहिणीनं लिहवून घेतलं, एकदा भावानं.” मी बोटांवर मोजत गेले. अकरा घरं झाली. त्याच्या हातची अजून उभी असलेली सापडली फक्त दोन, आणि त्यातल्या एकात भूत आहे असं म्हणतात.

“योगायोग असेल,” मी म्हणाले, पण मनात पाल चुकचुकली होती.

“अथुमानी माझ्या मागं मागं फिरतो, कलुंदे. ओला रंग दिसला की तो दुपारी त्या घराच्या बाहेर हजर. त्यानंच मला हसत सांगितलं. म्हणाला, पाझीबाबा, ज्या घरात सगळे एकदिलानं राहतात ते कशाला लिहितील? ज्यानं लिहिलं, त्याच्या घरात विकणारा आहे. मला फक्त तो कोण एवढंच शोधायचं उरतं.”

म्हणजे लोक ज्याला कुलूप समजून पैसे मोजत होते, ती दलालाला दिलेली वर्दी होती. आणि इतकी वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, हे विशेष.

“मग हे बीला सांग ना, गाढवा.”

“काय सांगू? तुझ्या पोरांत विकणारा आहे, हे? ते तिला कळत नाही होय? आईच्या तोंडावर असं म्हणायचं नसतं.”

“मग दुसरं काहीतरी सांग. तुला काय हवंय ते सांग.”

“मला काय हवं असणार?” तो म्हणाला आणि चालू लागला. मी त्याच्या पाठीवर दोन शिव्या घातल्या, आमच्या नात्याप्रमाणे.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी कारियाकूला घेवडा आणायला गेले होते. परत आले तर गल्लीत माणसं गोळा झालेली. बी सिवातूच्या घराच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या उजव्या हाताला, पुरुषभर उंचीची लाल फुली. रंग अजून ओला होता. बायका बीभोवती बसून हळहळत होत्या. कुणी म्हणे स्टेशन वाढवणार आहेत, कुणी म्हणे बस वळवायला जागा हवीय. नमाजाच्या वेळी, गल्ली रिकामी असताना साहेब येऊन मारून गेले म्हणे. साहेब कुणी पाहिले? कुणीच नाही. एका म्हातारीनं शिडीवर पाझीला पाहिलं होतं, पण तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. फुल्या मारणं हे त्याचं जुनं कामच. हातात लाल डबा घेऊन शिडीवर चढलेल्या माणसाला कोण विचारतं, तुला पाठवलं कुणी?

बी मात्र शांत. विडा चघळत फुलीकडं बघत होती, जशी एखादी गृहिणी बाजारातून आलेली मासळी उलटून बघते. मला तिचं ते शांत राहणं खटकलं.

संध्याकाळी मी पाझीच्या खोलीत गेले. तो रॉकेलनं नखं घासत होता. मी दार लोटून घेतलं. “सरकारी फुलीखाली नंबर असतो. तुझ्या फुलीखाली नाही.”

“विसरलो,” तो म्हणाला.

“तुरुंगात टाकतील.”

“टाकू देत. फुली चार महिने राहिली तरी पुरे. कंपनी पलीकडच्या रांगेत जाईल. मग पुसून टाकतो. फुलीचं घर कुणी विकत घेत नाही. माझ्या हातानं काढलेल्यातलं खरं ठरलेलं हे एकच.”

मी त्याला मूर्ख म्हटलं. मग मला हसू आलं आणि त्यालाही. कितीतरी वर्षांनी तो मोठ्यानं हसला.

फुलीनं काम चोख केलं. अथुमानीनं दुसऱ्याच दिवशी खुर्ची उचलून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेली. किब्वाना एकदा आला. ओट्यावर टेकलाही नाही, फुलीचे फोटो काढले, दहा-बारा फोन केले आणि “बघतो काय करता येतं ते” म्हणून गेला. मधल्या दोघांचे फोन आले. पुढचा शुक्रवार आला. बीनं नेहमीएवढा पुलाव शिजवला. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही शिजवला. तिसऱ्या शुक्रवारी तिनं पातेलं माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, “तुझ्या गिऱ्हाइकांना वाढ. फुकट वाढ.” मी वाढलं. पाझी त्या दिवशी जेवलाच नाही. त्याला दलाल हाकलायचा होता. मुलं हाकलली जातील हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

“पुसून टाक रे आता,” मी म्हणाले.

“पुसली तर परत येतील,” तो म्हणाला, आणि कोण ते त्यानं सांगितलं नाही.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी भर दुपारी, एक छोटा टेम्पो गल्लीत शिरला. आतून तुनू उतरली. अंगाला तळणाचा वास, डोळे सुजलेले. तिला बातमी आदल्या दिवशी कळली होती. भावांपैकी कुणीही तिला कळवलं नव्हतं.

“आई, उठ. सामान भरू. घर पडताना तू इथं बसून बघायचं नाहीस.”

“कुठं नेतेस?”

“माझ्याकडं.”

“तुझी तर एकच खोली.”

“मग? पाय दुमडून झोपू. मासे अंगणात तळेन. तू फक्त गिऱ्हाइकांवर ओरडायचं काम कर, ते तुला जमतं.”

बीनं मान वळवली आणि दाराशी उभ्या असलेल्या पाझीला म्हणाली, “पाझी, फुली पूस आता. माझं बघून झालं.”

पाझीचा चेहरा रंग उडालेल्या पाटीसारखा झाला. “बी, तुम्हाला ठाऊक होतं?”

“एकतीस वर्षं तुझी अक्षरं बघतेय मी. सरकारी माणूस फुली मारतो ती दोन फराट्यांत. तू चारही टोकं सारखी केलीस. दुसऱ्या दिवशी उठून एक टोक परत नीट केलंस, ते मी खिडकीतून बघितलं.”

मला कळलं, की या बाईनं महिनाभर ती फुली मुद्दाम भिंतीवर राहू दिली होती. कोण येतं ते तिला बघायचं होतं. माझी चौकशीची खोड या बाईपुढं पोरखेळ होती.

पाझीनं तारेचा ब्रश घेतला आणि फुली घासली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी अथुमानीची खुर्ची परत आली. मला वाटलं, बी आता त्याला चांगला फैलावर घेणार. पण तिनं त्याला चहा पाजायला सांगितलं. महिन्याभरात गल्लीच्या सरकारी कचेरीत, साक्षीदारांसमोर, बीनं आणि चारही मुलांनी कागदावर सह्या केल्या. घर कंपनीला गेलं. ज्याचा त्याला वाटा मिळाला. तुनूनं म्बागालाला दोन खोल्या घेतल्या, एक आईसाठी. भाडेकरूंना तीन महिन्यांची मुदत मिळाली.

पाझी खोलीतले डबे, शिड्या, म्वाम्विताच्या हातची विणलेली चटई अंगणात काढून बांधू लागला. कुठं जाणार विचारलं तर म्हणे, बघू. स्टेशनच्या आसपास कुठं जाणार होता तो? आता पंधरा मिनिटांच्या आत त्याला परवडेल अशी खोली उरली नव्हती. साठी उलटलेला माणूस. मला त्याचा राग आला, बीचा राग आला, आणि का कोण जाणे, स्वतःचाही.

बी निघायच्या दिवशी सकाळी ओट्यावर बसली होती. तुनू आत बोचकी बांधत होती. पाझी निरोप घ्यायला पुढं येऊन उभा राहिला. मला राहवलं नाही. मी नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाले, “बी, घर विकलंत ते विकलंत, भिंतीवरची ही झरामो पालही त्यातच दिलीत की काय? निदान तिची वेगळी किंमत तरी लावायची होती.”

बी हसली नाही. पाझीकडं बघून म्हणाली, “तिघांनी सांगितलं, विक. एकीनं सांगितलं, माझ्याकडं चल. मी मनात म्हटलं, बाकी कुणाला तरी इथं राहायचंय का? मला इथंच राहायचंय असं एकानंही म्हटलं नाही. एकानं जरी म्हटलं असतं ना, तर मी सही केली नसती. रिकाम्या भिंती सांभाळून मी काय करू?”

“पण मी फुली...” पाझी म्हणाला.

“ती तू माझं घर राखायला मारलीस असं मला वाटलं. तुला राहायचंय म्हणून मारलीस, हे मला कसं कळणार? तू बोललास कधी?”

“भाडेकरूनं असं कसं म्हणायचं, बी?”

“तुझ्या बायकोला मी या हातांनी आंघोळ घातली. तू भाडेकरू कुठला?”

माझ्या तव्यावरची चपाती जळली. आमच्या नात्यात मला काहीही बोलायची मुभा होती, मयतातसुद्धा. महिनाभर मी रोज सकाळी त्याची टिंगल केली, पण ‘बी, याला इथंच राहायचंय’ एवढं एक वाक्य तिच्यापाशी जाऊन मी बोलले नाही. ते माझं काम होतं. दुसऱ्या कुणाला ते शोभलं नसतं.

पाझी म्हणाला, “बी, मला इथंच राहायचं होतं.”

“आज सांगतोस,” बी म्हणाली, आणि ओट्यावर जरा सरकून तिनं त्याला शेजारी जागा करून दिली. टेम्पो यायला अजून तासभर होता. तो बसला.